टाचेवरचा डाग

चातुर्मासात काहीतरी सोडावं लागतं, आणि अमरावतीच्या संध्याताई गावंड्यांची त्या वर्षीची अडचण अशी की, सोडायला आता काही उरलंच नव्हतं. वांगं त्यांनी लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी सोडलं, कांदा-लसूण चौथ्या. मग गादी, मग चहातली साखर, मग चहा. एका वर्षी पंखा सोडून पाहिला, पण त्यांचे यजमान महादेवराव त्याच खोलीत झोपत असल्यामुळे ते व्रत तिसऱ्या दिवशी बारगळलं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वारा हा हक्क वाटतो. तर आषाढी एकादशीला देवळात कीर्तनकार बुवांनी "मायबहिणींनो, यंदा काय सोडता?" असं विचारलं तेव्हा बाकीच्या बाया दोडक्या-भोपळ्यांची नावं घेत होत्या आणि संध्याताई मान खाली घालून उभ्या होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "निंदा सोडते."

बुवांनी टाळ खाली ठेवला. "कार्तिकीपर्यंत?"

"हो. कोणाचंच उणं बोलणार नाही."

मागून एक बाई म्हणाली, "बापा! याच्यापेक्षा वांगं सोपं होतं."

बाई कोण होती ते संध्याताईंना कळलं नाही, पण पुढचे सगळे दिवस तिची आठवण येत राहिली.

त्याच संध्याकाळी अकोल्याहून आईचा फोन आला. मनकर्णाबाईंचं वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजारातून ऐकू यावा असा. धाकटा मुलगा खुशालराव याच्याकडे त्या राहत.

"संधे, माहा बाळकृष्ण कवा आनून देतं?"

"माझ्यापाशी कुठी आहे, माय?"

"पाय बरं! खुशालनंच सांगतलं मले, ताईनं घासूनपुसून आनाले नेला म्हनून. देव घासाले दोन महिने लागते काय वं? आष्टमीले मले तो पाळन्यात पायजे."

तो बाळकृष्ण म्हणजे संध्याताईंच्या माहेरचा, तेल्हाऱ्याचा देव. पितळेचा, रांगता, वीतभर, पण भरीव. लहानपणी त्यांना तो दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. उजव्या हातात लोण्याचा गोळा. डावी टाच कधीतरी तुटली होती, ती तेल्हाऱ्याच्या तांबटाने कथलाचा डाग देऊन जोडली होती. पिवळ्या पितळेवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. आई रोज स्नान घालताना त्या ठिपक्यावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "दुखते का रे?"

संध्याताईंनी भावाला फोन लावला. खुशालराव मोकळ्या मनाचा माणूस. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. तो सरळ खोटं बोलतो, आणि विचारलं तर तसं सरळ सांगतो.

"ताई, घर बदललं तवा दोन पोते पितळ निंगालं. भांडेवाल्याले देल्लं. त्याच्यात तो गेला. आता पोत्यात कोनी पायते काय?"

"अरे, देव होता तो."

"मले काय मालूम! बदल्यात स्टीलचे डबे भेटले, अठरा. झाकनासकट."

"मंग मायले माहं नाव कावून सांगतलं?"

"तुह्यावर ते रागवत नाही न," खुशालराव प्रेमाने म्हणाला. "आष्टमीपावतर पाय न कुठी भेटते का."

संध्याताईंच्या जिभेवर एक शब्द आला. साधाच, घरोघरी भावांना वापरतात तो. व्रत घेऊन तेव्हा सहा तास झाले होते. त्यांनी तो शब्द गिळला, वर तुळशीचं पान खाल्लं आणि फोन ठेवला.

आईला खरं सांगावं, तर त्यात खुशालरावचं उणं होतं. न सांगावं, तर अष्टमीला देव लागणार होता. मधे बेचाळीस दिवस.

अकोल्याचा भांडेवाला म्हणाला, पोतं आलं तसं गेलं, कुठं ते पोत्यालाच ठाऊक. मग एक दिवस महादेवरावांच्या मोबाईलवर संध्याताईंनी सहज "जुना पितळी रांगता बाळकृष्ण" असं लिहून बघितलं, आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. 'बोलीघर' नावाच्या लिलावाच्या साइटवर तो होता. रांगत होता. हातात गोळा होता. आणि डाव्या टाचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "देव सापडला."

महादेवरावांनी फोन लांब धरून पाहिला. "असे हजार रायतात. जत्रेत पाय, ढीग लागते."

"टाचेचा डाग बघा."

"डाग तर दिसते," महादेवराव कबूल झाले. तीस वर्षांच्या संसारात बायकोने प्रथमच काही मागितलं होतं, आणि तेही सोडण्यासाठी नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे खातं उघडलं. नाव घेतलं 'महादेव पाटबंधारे'.

आता लिलाव म्हणजे काय हे संध्याताईंना शिकवायची गरज नव्हती. तेल्हाऱ्यात सप्ताह संपला की काल्याच्या नारळाचा लिलाव व्हायचा, आणि त्यांचे वडील दरवर्षी त्यात उभे राहायचे. बोली नेहमी वर एक रुपया ठेवून लावायची: एकशे एक, दोनशे एक. नुसत्या शून्यावर देवाचं काही होत नाही. कुणाच्या घरी नवस असला तर बाकीचे आपोआप गप्प बसत. पुकारणाऱ्याला बोली लावणाऱ्याचा आजा माहीत असे. एकदा तोंडातून आकडा गेला की मागं फिरायचं नाही. आणि देवाच्या गोष्टीची घासाघीस करायची नाही, कारण पैसा शेवटी देवळात जातो. हे सगळं नियमशास्त्र संध्याताई मनात घेऊन 'बोलीघर'मध्ये शिरल्या. तिथे पुकारणारा कोण, बोलणारा कोण आणि नारळ तरी आहे का, हे विचारायचं असतं, ते त्यांच्या डोक्यात आलं नाही. तेल्हाऱ्यात नारळ डोळ्यांपुढे असायचा.

हे डोक्यात आलं शेजारच्या ज्योत्स्ना तायड्यांच्या. ज्योत्स्ना मॅडम बँकेत अधिकारी, बोलणं मोजकं. त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बोटं फिरवली.

"काकू, देवांमधलं मला फारसं कळत नाही, आमच्या घरी बुद्धवंदना. पण विकणाऱ्यांमधलं थोडं कळतं. या 'प्राचीन वैभव' दुकानाला दोनशे लोकांनी पाच तारे दिलेत, आणि दोनशेही एकाच आठवड्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'बहुत सुंदर'. तुम्ही असं करा, मूर्ती उलटी करून फोटो मागा. वजन विचारा. टाच जवळून दाखवा म्हणा."

"देवाला उलटा करायला सांगू?"

"सांगा. आणि एक आकडा आत्ताच ठरवून कागदावर लिहा. त्याच्यावर जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे साइटच्या बाहेर द्यायचे नाहीत. वस्तू हातात पडून तुम्ही 'मिळाली' म्हणेपर्यंत साइट ते अडवून ठेवते. आपल्याला तेवढीच ढाल असते."

संध्याताईंनी 'दोन हजार एक' असं कागदावर लिहिलं आणि हळदकुंकू लावून देवघरात ठेवलं. तिथेच चूक झाली. देवापुढे ठेवलेला कागद पुन्हा उचलून बघायची त्यांच्या घरी पद्धत नव्हती.

मग भीत भीत त्यांनी विक्रेत्याला वजन विचारलं. उत्तर पाच मिनिटांत आलं, हिंदीतून. "माताजी, भगवान को तराजू में नहीं तोलते. श्रद्धा हो तो बोली लगाइए."

संध्याताईंचे कान लाल झाले. आयुष्यभर ज्या देवाधर्मात काढलं, त्याचा धडा कुणा परक्या माणसाने द्यावा! त्यांनी लगेच क्षमा मागितली, शेवटी जोडलेल्या हातांची दोन चित्रं टाकली. टाचेच्या फोटोचं मग विचारलंच नाही. ज्योत्स्ना मॅडमनाही यातलं काही सांगितलं नाही. एका भाविकाचं पत्र असं चारचौघांत उघडून दाखवणं त्यांना बरं वाटलं नाही.

लिलाव गुरुवारी सकाळी सात चाळीसला संपणार होता. गुरुवारी दुपारी बारापर्यंत संध्याताईंचं मौन असतं, वीस वर्षांपासून. तेव्हा बोली महादेवरावांनी लावायची आणि संध्याताईंनी बोटांनी आकडा दाखवायचा असं ठरलं. हे कळताच पलीकडचे नत्थुजी सात वाजताच दूध घेऊन यावं तसे आले. नत्थुजींनी अंजनगाव सुर्जीच्या बाजारात तीस वर्षं कापूस विकला-घेतला होता. लिलाव म्हटलं की त्यांच्या अंगात येतं.

"भाऊ, लिलावात पह्यले बोलला तो मेला," त्यांनी खुर्ची ओढली. "शेवटच्या मिनिटापावतर हात लावाचा नाही. अन् तोंडावर कायी दिसू द्याचं नाही. आपल्याले मालाची गरजच नाही, असं बसाचं."

"पन तिकडून कोनाले दिसते आपलं तोंड?"

"दिसो का न दिसो! सवय असली पायजे."

म्हणून गावंड्यांच्या बैठकीत तीन प्रौढ माणसं गरज नसल्यासारखी तोंडं करून एका मोबाईलभोवती बसली. संध्याताईंना ते जमलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सात अडतीसला महादेवरावांनी एक हजार एकची बोली लावली. लगेच दुसऱ्या कुणीतरी बाराशे केले. त्याचं नाव होतं 'कृष्णभक्त ७७'.

नाव वाचून संध्याताई जरा सैलावल्या. चला, निदान चांगल्या माणसाशी गाठ आहे. मग त्यांना अपराधी वाटलं, की आपण एका भक्ताच्या हातून देव ओढून घेतोय. त्यांनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि बोटांनी पंधराशे एक दाखवले. कृष्णभक्त सतराशेवर गेला. दोन हजार एक. बावीसशे.

महादेवरावांनी देवघराकडे पाहिलं. "आकडा संपला आपला."

संध्याताईंनी तीन बोटं वर केली, मग एक.

"तीन हजार एक? अवं, ज्योत्स्ना मॅडमनं काय सांगतलं होतं?"

"मारा, भाऊ!" नत्थुजींच्या तोंडावर आता गरजच गरज दिसत होती. "तो बी थकला असन!"

कृष्णभक्त थकत नव्हता. शिवाय वेळही संपत नव्हती. प्रत्येक बोलीमागे साइट आणखी एक मिनिट देत होती. संध्याताईंचा एक रुपया वर पडला की कृष्णभक्त वरच्या कुठल्यातरी शेकड्यावर जाऊन बसायचा, जसा काही त्यांचा हात त्याला आधीच दिसत होता. साडेसहा हजार एकवर महादेवरावांनी फोन पालथा घातला. सात हजाराला कृष्णभक्ताने देव नेला.

बारा वाजेपर्यंत संध्याताई काही बोलल्या नाहीत, त्या बोलणारच नव्हत्या. पण मौनामौनातही फरक असतो आणि तो महादेवरावांना कळतो. ते बाहेर जाऊन उगीच मोगऱ्याला पाणी घालत बसले. बारा वाजता त्यांनी आत डोकावलं तेव्हा संध्याताई कृष्णभक्त ७७ च्या नावाने एक माळ ओढत होत्या. त्याच्या घरी देव सुखी राहो म्हणून.

सव्वाबाराला 'प्राचीन वैभव'चा निरोप आला. जिंकलेल्या भक्ताने माघार घेतली आहे, प्रभूची इच्छा. दुसरी बोली आपली होती, त्या किमतीला देव आपला. फक्त पैसे साइटवर न देता सरळ या क्रमांकावर पाठवावेत. "भगवान के पैसे में से कंपनी कमीशन क्यों खाए, माताजी?"

संध्याताईंना रडू आलं. माळ पुरती एकशे आठपर्यंतही गेली नव्हती आणि देव परत आला होता. आणि माणसाचं म्हणणं तरी किती खरं! काल्याच्या नारळात कधी कुणी दलाली घेतली होती का? ज्योत्स्ना मॅडमचं वाक्य त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण मॅडम बँकेत होत्या, आणि कामाच्या वेळी माणसाला फोन करू नये. नत्थुजी मात्र घरातच होते. आयुष्यभर अडत्याने प्रत्येक गाठोड्यामागे त्यांची दलाली कापली होती. ते हात वर करून म्हणाले, "अडत वाचली! ताई, द्या बिनधास्त."

पैसे गेले. मग आणखी पाचशे एक्कावन्न गेले, कारण विक्रेत्याने विचारलं की भगवान पुठ्ठ्याच्या खोक्यातून विनाआसन येतील का. संध्याताईंना स्वतःचीच लाज वाटली. आसनाचं आपल्याला का सुचलं नाही?

पार्सल अष्टमीच्या तीन दिवस आधी आलं. संध्याताईंनी स्नान करून, सोवळं नेसून, शेजारणींना कुंकू लावून ते उघडलं. दोन्ही हातांनी उचलायच्या तयारीने त्या वाकल्या आणि देव हवेत गेला. भाजीच्या वाटीत जास्त वजन असतं. आतून पोकळ. अंगाला बूटपॉलिशचा वास. पोटाखाली चिकटलेल्या किमतीच्या कागदाचा अर्धा तुकडा. लाल रेघांचं आसन म्हणजे हातरुमाल. आणि डावी टाच गुळगुळीत.

त्या मूर्ती देवघराच्या नळीदिव्यापाशी घेऊन गेल्या. एका बाजूला वळवली तर टाचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. जरा फिरवली, ठिपका गेला. फोटोत दिव्याची तिरीप होती. त्यांनी मूर्ती चार-पाच वेळा वळवून पाहिली. डाग येत होता, जात होता.

शेजारणी देवाच्या पाया पडून निघून गेल्या. एकीने जाताना विचारलं, "बाई, जुना आहे न?" संध्याताई म्हणाल्या, "हो." खोटं न बोलण्याचं व्रत त्यांनी त्या वर्षी घेतलं नव्हतं, हे नशीब.

'बोलीघर'चं म्हणणं पडलं की व्यवहार त्यांच्या साइटवर झालेलाच नाही, तेव्हा ते काय करणार. आपला दिवस शुभ जावो. ज्योत्स्ना मॅडम "मी सांगितलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. संध्याताईंना वाटलं, म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "काकू, तो कृष्णभक्त ७७ म्हणजे तो विक्रेताच. स्वतःच्याच मालावर स्वतःच बोली लावत होता, तुम्हाला चढवायला. तुमच्या त्या एका रुपयावरून त्याला कळत होतं, की ही देवासाठीची बोली आहे, मागे फिरणार नाही."

सगळ्यात जास्त ते लागलं. पैशाचं दुःख होतंच. पण संध्याताईंनी त्या माणसासाठी माळ ओढली होती. ती परत कुठून मागायची?

दुसऱ्या दिवशी महादेवराव त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. श्रावण नावाचे जमादार होते, सभ्य, केस पिकलेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"बोला ताई. मानूस कसा होता?"

संध्याताईंनी पदर सारखा केला. "बोलणं फार नम्र होतं त्यांचं."

"अजून?"

"देवाचं प्रेम होतं. आसनाची आठवणसुद्धा त्यांनीच दिली."

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. "ताई, हे तक्रार हाय का शिफारसपत्र?"

"तिचं व्रत हाय," महादेवराव तडकले, "कोनाचं उणं बोलत नाही ते. मी सांगतो, लिहा!" आणि मग ते जे बोलले त्यातलं अर्धं जमादारांना लिहून घेता येण्यासारखं नव्हतं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं अडवून धरलेलं पाणी एकदम सुटावं तसं ते सुटलं.

"ते ठीक हाय," जमादार म्हणाले, "पन फसले कोन, तुमी का ताई?"

"बायको माही."

"मंग त्याइलेच सांगावं लागन. ताई, 'त्यानं मले फसवलं' एवढं एक वाक्य म्हना. बाकी मी लिहितो."

संध्याताईंनी तोंड उघडलं. तीन शब्द होते. शेजारी महादेवराव हातवारे करत होते. कार्तिकीला अजून ऐंशी दिवस. त्या म्हणाल्या, "मी फसले."

जमादारांनी उसासा टाकून ते तसंच लिहिलं. उठताना म्हणाले, "पैसे गेल्याबरोबर सायबर पोलिसाच्या १९३० वर फोन कराचा असते, ताई. त्याच घंट्यात. मंग कायी तरी अडवता येते. आता दहा दिवस झाले. आता देवच पायन."

देव पिशवीतच होता. त्याने पाहिल्यासारखं काही केलं नाही.

अष्टमीला संध्याताई एकट्याच अकोल्याला निघाल्या. महादेवरावांना त्यांनी आग्रहाने घरी ठेवलं. त्यांचं तोंड व्रताबाहेरचं होतं. एसटीत मांडीवर पिशवी, पिशवीत हातरुमालावर देव. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मनाची समजूत घातली होती की आईला मोतीबिंदू आहे, तिला दिसणार नाही. देव भावाचा भुकेला असतो, धातूचा नसतो. बोरगाव मंजूपर्यंत तर त्यांना हे पटलंही होतं.

खुशालरावच्या नव्या फ्लॅटमध्ये पाळणा सजला होता. वहिनी रागिणीने सुंठवडा केला होता. स्वयंपाकघराच्या फळीवर स्टीलचे अठरा डबे चढत्या क्रमाने उभे होते आणि प्रत्येकात येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड दिसत होतं.

"आला माहा बाळ?" मनकर्णाबाईंनी दोन्ही हात पसरले.

संध्याताईंनी मूर्ती हातांवर ठेवली. पसरलेले हात वजनासाठी खाली जायला तयार होते. ते गेले नाहीत. आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं थांबलं. मग तिचा अंगठा मूर्तीच्या पाठीवरून, पायावरून डाव्या टाचेवर आला. तिथे तो दोनदा फिरला.

"हा नाही."

"माय, घासला न, म्हणून तसा..."

"घासल्यानं वजन जाते काय? मले दिसत नाही, संधे. हात हायेत अजून." मनकर्णाबाईंनी मूर्ती मांडीवर ठेवली, टाकली नाही. "माहा तू ठेवून घेतला न? अन् मले हा आनून देल्ला."

रागिणी सुंठवड्यात चमचा फिरवत राहिली; त्याला फिरवावं लागत नाही.

"मी नाही ठेवला, माय."

"मंग कोनापाशी हाय?"

एवढा सोपा प्रश्न. उत्तर फळीवर रांगेने उभं होतं, झाकणासकट. संध्याताईंनी भावाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, यानं एक वाक्य बोलावं. मला बोलता येत नाही, याला तर येतं, याला कसलं व्रत नाही.

खुशालराव बोलला. मोकळ्या मनाचाच माणूस तो. "जाऊ दे न, माय," तो म्हणाला, "सनासुदीचं कायले. बहीनच तर हाय. ठेवला असन तर ठेवू दे. आपन कायी म्हनलं का तिले?"

त्याने बहिणीला माफ केलं होतं. सगळ्यांसमोर. रागिणीच्या डोळ्यांत नवऱ्याबद्दल कौतुक आलं.

संध्याताईंच्या घशाशी ते सगळं आलं: पोती, भांडेवाला, दोन हजार एक, साडेसहा हजार एक, आसन, माळ, जमादार. निंदेची एक गंमत असते, ती खरी असली तरी निंदाच असते. जन्म झाला, पाळणा म्हटला, आणि प्रसादाच्या सुंठवड्याबरोबर त्यांनी ते खाली ढकललं. सुंठ फार तिखट झाली होती.

पाळणा रिकामा नव्हता. त्यात खुशालरावने बाजारातून आणलेलं चित्र होतं. सकाळी निघताना आईने पोकळ मूर्ती संध्याताईंच्या पिशवीत परत घातली.

"हा ने. अन् माहा बी राहू दे तुह्यापाशी. मी किती दिवस आता," ती म्हणाली. "पन त्याले रोज लोनी दाखवत जाय. ताजं. आन टाचेले हात लावाचा, दुखते का इचाराचं. करशीन?"

"करीन."

अशा रीतीने सोडायला काही न उरलेल्या संध्याताईंना धरायला एक व्रत मिळालं. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी त्या ताक घुसळू लागल्या. देव होता तो भांडेवाल्याच्या पोत्यातून जाऊन कुठेतरी वितळलेला; लोणी खायला 'प्राचीन वैभव'मधला हा होता. बोटभर लोणी त्याच्या तोंडाला लागलं की बूटपॉलिशचा वास थोडा कमी यायचा.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रागिणीने आईला फोन लावून दिला होता, चित्रासकट. पडद्यावर आधी नुसता आईचा कपाळाचा भाग दिसला, मग एक डोळा.

"दाखव बरं, लोनी देल्लं का."

संध्याताईंनी डाव्या हातात फोन आणि उजव्या हातात मूर्ती धरली. पूजेची वेळ, नळीदिवा लागलेला. आई फोन नाकाला लावून पाहत होती. मग एकदम आवाज आला, तेल्हाऱ्याच्या बाजारातला.

"हा पाय डाग! टाचेचा! खुशाल, ये बरं इकडे, हा पाय माहा देव! मी म्हनत नव्हती? खरा तिथीच हाय. मले खोटा आनून दावत होती!"

खुशालरावचं तोंड क्षणभर पडद्याच्या कोपऱ्यात दिसलं, आणि गेलं.

"संधे," आईचा आवाज खाली आला, "बरा हाय न तो? माह्याशिवाय रडत तं नाही?"

देवघराच्या भिंतीवर दिव्याची तिरीप होती. मनगट जरासं वळवलं की डाग गेला असता, ही तीच पोकळ मूर्ती हे आईला दिसलं असतं, आणि संध्याताई निर्दोष सुटल्या असत्या. त्यासाठी बोलावं लागत नव्हतं, कुणाचं उणं काढावं लागत नव्हतं, व्रतही मोडत नव्हतं. फक्त मनगट.

"नाही रडत, माय," त्या म्हणाल्या. "बघ तू नीट."

आई बघत राहिली. कितीतरी वेळ. संध्याताईंचा हात भरून आला, बोटांवरचं लोणी वितळून कोपरापर्यंत ओघळलं, पण त्यांनी मूर्ती तसूभरही हलू दिली नाही.